बी.पी.एड.नंतर जर्मनीत अमेरिकन फुटबॉल: वाट कोणती?

दारव्हा_कोपरा

गाव दारव्हा तालुक्यात, बी.पी.एड.चं शेवटचं वर्ष अमरावतीला. वय २३, उंची १८४ सेंमी, वजन ९६ किलो. कबड्डीत उजवा कोपरा, त्याआधी कुस्ती. अमेरिकन पोरं कॉलेज संपल्यावर जर्मनीतल्या क्लबांकडून एक-दोन हंगाम खेळतात; राहायला खोली आणि थोडा खर्च क्लब देतो, असं वाचलं. आपल्याला हे जमेल का? व्हिसा कोणता? कबड्डीचा किती उपयोग? आणि तिथल्या माणसांत वागायचं कसं?

नागपूर_व्हिसावाला

भाऊ, अमेरिकन पोरांची वाट तुमच्यासाठी नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. त्यांना व्हिसाशिवाय उतरून राहण्याचा परवाना तिथंच काढता येतो. आपल्याला राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे लांब मुक्कामाचा, इथूनच, महाराष्ट्रासाठी मुंबईच्या वकिलातीमार्फत, घेऊन जावं लागतं. ‘टुरिस्ट व्हिसावर जा, मग बघू’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका.

व्यावसायिक खेळाडूचा परवाना आहे, पण त्याला पगाराची अट आहे: पेन्शन विम्याची वर्गणी ज्या कमाल पगारापर्यंत मोजतात, त्या मर्यादेच्या निम्मा तरी हवा. २०२५ साली ती मर्यादा महिना ८,०५० युरो होती, म्हणजे पगार ४,०२५ युरो. एवढा पगार तिथले अमेरिकन फुटबॉलचे क्लब सहसा देत नाहीत. सर्वोच्च लीग, जीएफएल, १९७९ पासून चालू आहे, तरी तिथले बहुतेक गडी दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात.

मग दोन वाटा उरतात. पहिली एफएसजे, म्हणजे स्वयंसेवेचं वर्ष. वय २७ च्या आत हवं, मुदत साधारण १२ महिने, जास्तीत जास्त १८. क्रीडा क्लब तुम्हाला शाळकरी मुलांच्या सरावासाठी ठेवतो. हातखर्च आणि आरोग्य विमा मिळतो, खोली काही ठिकाणीच. तुमचं बी.पी.एड. इथं खरं वजन टाकतं. जर्मन भाषा मात्र बी-१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत न्याच. मुलांना इंग्रजीत शिकवता येत नाही. दुसरी वाट शिक्षणाची: एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र, राहण्याच्या खर्चासाठी बंद खात्यात आधीच भरलेले वर्षाचे पैसे (२०२५ साली ११,९०४ युरो), आणि सत्र चालू असताना आठवड्याला साधारण २० तास काम. घरची शेती गहाण टाकून दुसरी वाट धरू नका, पहिली आधी पुरती तपासा.

क्लबला पत्र लिहिताना जीएफएलच्याच मागे लागू नका. खाली जीएफएल-२, रेगिओनाललिगा, ओबरलिगा अशा पायऱ्या आहेत आणि तिथं माणसं कमी पडतात. गाव लहान म्हणून क्लब लहान असंही नाही. श्वेबिश हाल हे जेमतेम चाळीस हजार वस्तीचं, तिथला संघ २०२२ साली जर्मनीचा विजेता होता. पत्रासोबत दोन-तीन मिनिटांची चित्रफीत, ४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर धावण्याची वेळ, उंची आणि वजन द्या. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, आणि एफएसजे बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं. म्हणजे पोचाल तेव्हा सामने संपत आलेले असतील. ते बरंच आहे, कारण नवख्यांना शिकवणं हिवाळ्यातच होतं.

लाल_माती_अकोला

कुस्तीवाल्याला लाइनमध्ये, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या पुढच्या रांगेत, किंवा तिच्या मागं लाइनबॅकरला जागा मिळते. कंबर खाली ठेवून दोन्ही हातांनी समोरच्याच्या छातीला रेटा द्यायचा, हे अंगात मुरलेलं असतं. पण कबड्डीच्या तीन सवयी मोडाव्या लागतील.

पहिली आणि जिवाची: घोटा किंवा मांडी धरताना आपण डोकं खाली घालून झेपावतो. हेल्मेट घालून तसं गेलं तर मणके एका रेषेत येतात आणि सगळा धक्का मानेवर बसतो. नजर वर, डोकं चेंडूवाल्याच्या अंगाच्या बाजूला, धडक खांद्यानं. जर्मनीत नियम अमेरिकन कॉलेजांच्या धर्तीवर आहेत. हेल्मेटच्या टोकानं मारलं तर १५ यार्ड दंड आणि सामन्यातून बाहेर. दुसरी: ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला धरायचं नाही, १० यार्ड जातात. तिसरी: पळणाऱ्याला मागून मानेपाशी, खांदेपॅडची कॉलर धरून ओढायचं नाही, तिथंही १५.

हेल्मेट इथून विकत नेऊ नका. क्लबमध्ये बहुधा उसनं मिळतं, आणि घालून पाहिल्याशिवाय माप कळत नाही: कडा भुवईच्या वर दोन बोटं, डोकं हलवलं की कातडी सोबत हलली पाहिजे. दंतरक्षक नवा घ्या, गरम पाण्यात मऊ करून दाताला बसवायचा. बूट कृत्रिम गवताचे, धातूचे खिळे नकोत.

दारव्हा_कोपरा

धन्यवाद दादा. वागण्याचं कोणी सांगता का? क्लबमधलं आणि खोलीवरचं.

मराठी_इन_हेसेन

तिथं क्लब म्हणजे ‘फेराइन’, सभासदांची नोंदणीकृत संस्था, मालकाचा संघ नव्हे. वर्गणी बँकेतून आपोआप कापली जाते आणि सोडायचं तर मुदतीआधी लेखी कळवावं लागतं. नुसतं यायचं बंद केलं तर पैसे जातच राहतात. घरच्या सामन्याला प्रत्येकाला काम असतं: ग्रिलचा ठेला, तिकीट, मैदानावर अंतर मोजायची साखळी धरणं. आपण खेळाडू, हे काम आपलं नाही, असं वागलात तर तुमच्या टॅकलचं कोणाला कौतुक राहणार नाही. तिथला मान कामातून मिळतो.

सराव सातला म्हणजे सातला पॅड बांधून मैदानात. उशीर होणार असेल तर आधी निरोप. प्रशिक्षक ‘हे चुकलं’ असं तोंडावर सांगेल, तो राग नव्हे. सरावानंतर तोच तुम्हाला गाडीतून सोडेल. संघात सगळ्यांना ‘डू’, कचेरीत आणि वयस्क शेजाऱ्याला ‘झी’. हे आपल्या तू-तुम्हीसारखंच, फक्त संघात वयाचा मान ‘तुम्ही’नं दाखवत नाहीत.

खोलीत गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करा, त्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता. रविवारी दुकानं बंद, किराणा शनिवारीच भरा. प्लास्टिकच्या एकवेळच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती परत द्या, फेकू नका.

तुरीची_डाळ

भाऊ, खाण्याचं एक सांगतो. मांस खात नसशील तं घाबरू नको. मागरक्वार्क नावाचा चक्क्यासारखा पदार्थ कोन्याही दुकानात स्वस्त भेटते, २५० ग्रॅमच्या डब्यात ३० ग्रॅम प्रथिनं. तुरीची डाळ अन् ज्वारीचं पीठ मोठ्या शहरातल्या भारतीय दुकानात भेटते, पण महाग. मसाला घरूनच नेजो. अन् फोडणी देतानी खिडकी उघडी ठेवजो, धुराची घंटा लगेच वाजते.