पणजीचे वडील स्टोकला कपबश्या रंगवत असत. त्यांचा माग कसा काढावा?

प्रश्न (गिरगाव)

नमस्कार. माझे पणजोबा शिक्षणासाठी विलायतेला गेले होते आणि १९२४ साली तिथेच नोंदणी पद्धतीने लग्न करून पणजीला घेऊन मुंबईला परतले. तिचे माहेर स्टोक-ऑन-ट्रेंटचे. तिचे वडील चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवत आणि तिचा भाऊ तेच काम करायला अमेरिकेला गेला, एवढेच आजीकडून ऐकले आहे. पणजीची एकच कपबशी आमच्याकडे उरली आहे. तिच्या काठावर सोनेरी रेघ आहे, आत निळी फुले आहेत आणि बशीच्या तळाशी 'मेड इन इंग्लंड' या छापाखाली लाल रंगात हाताने लिहिलेला चार आकडी क्रमांक आहे. तो क्रमांक म्हणजे पणजीच्या वडिलांची खूण, अशी घरात समजूत आहे. त्यावरून काही शोधता येईल का?

उत्तर (भायखळा)

त्या क्रमांकावर विसंबू नये. असा चार आकडी क्रमांक बहुधा कारखान्याच्या नमुनावहीतल्या नक्षीचा असतो. कारागिराची खूण म्हणजे फार तर एखादे अक्षर, ठिपका किंवा एक-दोन आकडे. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले, पण 'मेड इन इंग्लंड' ही पूर्ण ओळ सर्रास दिसते ती विसाव्या शतकात. म्हणजे कपबशी पणजीच्या काळाची आहे, इतकेच ठरते. निळी फुले मात्र भिंगाखाली जरूर पाहा. बारीक ठिपके दिसले तर ती छापील आहेत. कुंचल्याचा फराटा कुठे जाड, कुठे पातळ असतो.

उत्तर (ठाणे)

माझ्या मते वस्तू बाजूला ठेवून आधी कागद शोधावेत. इंग्लंडमधल्या त्या काळच्या विवाह दाखल्यावर वधू आणि वर या दोघांच्याही वडिलांचे नाव व व्यवसाय लिहिलेला असतो. दाखला घरात नसेल, तर तिथल्या नोंदणी कार्यालयाकडून प्रत मागवता येते. वडिलांचे नाव हाती आले की १९२१ ची जनगणना पाहा. ती २०२२ मध्ये खुली झाली आणि तिच्यात माणूस कोणाकडे नोकरीला आहे हेही नोंदवलेले असल्यामुळे कारखान्याचे नाव कळण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त आहे. (१९३१ ची जनगणना आगीत जळाली, तेव्हा तिच्या मागे लागू नका.) तो कारखाना मिंटन या स्टोकच्या नावाजलेल्या कंपनीचा निघाला तर नशीबच, कारण २०१५ मध्ये विक्रीपासून वाचवलेले त्यांचे दप्तर आता स्टोक शहराच्या अभिलेखागाराकडे आहे. मात्र टनस्टॉल, बर्सलेम, हॅन्ले, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावे १९१० मध्ये एक झाली, त्यामुळे आधीच्या नोंदींत 'स्टोक' शब्दच न सापडल्यास घाबरून जाऊ नये.

भावासाठी अमेरिकेत उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या तपासा. १९०७ पासून त्यांत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव व पत्ता लिहीत, आणि एकाच नावाच्या चार माणसांतून आपला माणूस ओळखायला त्याचाच उपयोग होतो. न्यू जर्सीतले ट्रेंटन आणि ओहायोतले ईस्ट लिव्हरपूल ही स्टोकच्या कारागिरांची नेहमीची ठिकाणे होती.

उत्तर (दादर)

वडिलांचा जन्म स्टोकचाच असेल, असे धरून चालू नका. या धंद्यातली माणसे फार फिरत. मार्क-लुई सोलाँ हा फ्रान्समधल्या सेव्ह्रच्या चिनी मातीच्या कारखान्याचा कलावंत १८७० मध्ये, फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या वेळी, मिंटनकडे आला आणि त्याचे लिऑन व अल्बर्ट हे मुलगे पुढे अमेरिकेत गेले. आपल्या जे. जे. कला महाविद्यालयात १८६५ मध्ये शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंगही पूर्वी बर्सलेमच्या कारखान्यात होते.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. दाखला आजीच्या धाकट्या बहिणीकडे, पणजोबांच्या पदवीपत्राच्या घडीत सापडला. वडिलांच्या रकान्यात 'चायना गिल्डर' असे लिहिले आहे. म्हणजे ते फुले रंगवत नसून सोन्याचे काम करत होते. भिंगाखाली फुलांत ठिपकेच दिसले. सोनेरी रेघ मात्र कानाजवळ किंचित जाड झाली आहे, तेव्हा ती हाताने ओढलेली असावी. अर्थात ती त्यांनीच ओढली, असे म्हणता येणार नाही. १९२१ च्या नोंदीची प्रत आता मिळवते आहे. कारखान्याचे नाव कळले की इथेच लिहीन.