'चवीनं' फक्त जिभेचं की कानाचंही?

पंचगंगाकाठ:
परवा आमच्या गल्लीत एका घरातलं भांडण रस्त्यावर आलं. दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर एक जण म्हणाला, "सगळी गल्ली चवीनं ऐकत होती." शब्द टोचला. आमच्याकडं कोल्हापुरात 'चवीनं' म्हणजे पांढरा रस्सा. गरम वाटी तोंडाला लावायची, जरा थांबायचं, मग तांबड्यात भाकरी कुस्करायची. 'चवीनं खाणार त्याला देव देणार' असं आजी वाढताना म्हणायची. तोच शब्द दुसऱ्याच्या दुःखाला लावायचा? तिथं 'मिटक्या मारत' म्हणा की. 'चवीनं' जिभेपुरतंच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

खासबाग:
नाही पटलं. जिभेचे शब्द आपण कानाला कधीच देऊन टाकलेत. आवाज गोड, बोलणं तिखट. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायचे, त्या गावात बसून आपण हे बोलतोय. देवल क्लबातल्या मैफलीत डोळे मिटून एकेक तान मनात घोळवणाऱ्याला काय म्हणणार, 'लक्षपूर्वक ऐकतोय'? लक्षपूर्वक सूचना ऐकतात. गाणं चवीनंच ऐकायचं.

शाळामास्तरीण:
"मसाल्याच्या चवीनं भूक खवळली" यात 'चव' हे नामच आहे, 'नं' कारण दाखवतो. "चवीनं जेवला" यात ते क्रियाविशेषण, जेवायची रीत सांगणारं. आणि ती रीत सावकाशीची. 'चवीनं गिळलं' कोणी म्हणत नाही. 'चवीनं वास घेतला' हेही मी कधी ऐकलं नाही. घास, गोष्ट, गाणं, जे थोडंथोडं संपत जातं त्यालाच हा शब्द जुळतो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात. ते धारोष्ण दूध एक जण गटागटा पितो, दुसरा घोटघोट. दूध तेच, पण चवीनं पितो तो दुसराच. गल्लीनं भांडण घोटघोट ऐकलं असेल तर शब्द अगदी बरोबर आहे. राग त्या माणसांचा यावा, शब्दाचा कशाला?

पंचगंगाकाठ:
सावकाशीचं मान्य. गाण्याचंही मान्य, तेवढं माझं चुकलं. पण 'चवीनं' म्हटलं की त्यात दाद आली. आम्ही जेवताना आजी पदराला हात पुसत समोर बसून राहायची, ती त्यासाठीच. त्या रात्री दारात रडणाऱ्या बाईला कसली दाद पोचली? तिथं मी हा शब्द वापरणार नाही.

खासबाग:
दाद पोचायलाच पाहिजे, हे काय पटेना. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक आपण चवीनं वाचतो. लिहिणारा कुठं असतो समोर बसलेला?