‘वाजवी निर्बंध’ : यातला ‘वाजवी’ नेमका कशाला लागतो?

प्रश्न : मुलीच्या नागरिकशास्त्राच्या वहीत वाक्य आहे, ‘राज्यघटनेने आपल्याला वाजवी स्वातंत्र्य दिले आहे.’ वाचताना खटकले, पण चूक कुठे ते सांगता येईना. ‘वाजवी’ म्हणजे बेताचे, फार नाही असे, हाच अर्थ ना? आणि निर्बंध, बंदी, मनाई हे सगळे एकच का?

उत्तर : खटकले ते योग्यच. मी एका जिल्हा दैनिकात मुद्रितशोधन करतो. ही चूक बातम्यांत आणि अग्रलेखांतही सापडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाषण, सभा, संचार, धंदा अशी स्वातंत्र्ये देणाऱ्या घटनेच्या १९व्या अनुच्छेदात शब्द आहेत ‘वाजवी निर्बंध’. विशेषण निर्बंधाचे आहे. स्वातंत्र्याच्या मागे तिथे कोणतेच विशेषण नाही. आपण ते उचलून स्वातंत्र्याला चिकटवले की सगळा अर्थच उलटतो: वाजवी असायची जबाबदारी सरकारवरून उठते आणि बोलणाऱ्यावर येऊन पडते.

‘वाजवी’चे मूळ अरबी ‘वाजिब’. फारसीतून आपल्याकडे आला, वाजबी झाला, पुढे वाजवी. अर्थ योग्य, रास्त, न्याय्य. ‘बेताचे’ ही छटा दरांमुळे चिकटली. मंडईत आपण ‘वाजवी बोला’ म्हणतो तेव्हा भाव सांगणाऱ्याने तो पटवून द्यायचा असतो. घटनेतही हेच आहे. निर्बंध सरकार सांगते, तो पटवूनही सरकारनेच द्यायचा.

या शब्दाचा सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली लावलेला अर्थ विडीच्या खटल्यातला आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडचा एक कायदा होता. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून ठरावीक गावांत विड्या वळायला मनाई करायची. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. न्यायालय म्हणाले, हेतू ठीक आहे, पण गावातले म्हातारे, अपंग, शेतात राबू न शकणाऱ्या बायका यांनी विड्या वळल्या तर शेतीचे काय बिघडते? गरजेपलीकडे गेलेला निर्बंध वाजवी नव्हे. तो खटला धंद्याच्या स्वातंत्र्याचा होता, पण हीच फूटपट्टी पुढे भाषणालाही लागली.

लागली कधी, तेही पाहण्यासारखे आहे. मूळ घटनेत सभा, संचार यांच्या पोटकलमांत ‘वाजवी’ होता, भाषणाच्या पोटकलमात तो नव्हताच. १९५० मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या इंग्रजी साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी घातली आणि ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणावरच्या निर्बंधांच्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘अपराधाची चिथावणी’ अशी कारणे वाढवली. त्याच दुरुस्तीने निर्बंधाच्या आधी ‘वाजवी’ आणून ठेवला. कारणे वाढली ती सरकारच्या सोयीची, पण आज एखादा निर्बंध न्यायालयात रद्द होतो तो अनेकदा या एका शब्दाच्या जोरावर. म्हणून तो भलतीकडे लावलेला मला चालत नाही.

प्रतिसाद : पण वृत्तपत्रस्वातंत्र्य हा शब्द तर घटनेत सापडत नाही. मग ते आले कुठून?

उत्तर : ‘भाषण व अभिव्यक्ती’मधून. अमेरिकेच्या १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेख आहे. आपल्याकडे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी सांगितले की संपादक हाही नागरिकच, त्याच्यासाठी वेगळे कलम नको.

इथे मराठी वाचकाने एक नाव लक्षात ठेवावे: ‘सकाळ’. वृत्तपत्राने किती पानांना किती किंमत लावायची हे केंद्र सरकारने १९६० च्या आदेशाने ठरवून दिले. पाने तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पाने घटवा. छोट्या वृत्तपत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेत तगता यावे, हे कारण. पुण्याचा ‘सकाळ’ याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये जिंकला. निकाल न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला. किंमत वाढली की वाचक घटतात, पाने घटली की मजकूर घटतो. दोन्हीकडून अभिव्यक्तीच कापली जाते. किती लोकांपर्यंत पोहोचायचे हेही अभिव्यक्तीत येते, हे त्या खटल्याने पक्के केले.

आता मूळ प्रश्नातला दुसरा भाग. निर्बंध म्हणजे मर्यादा. गोष्ट चालू राहते. बंदी म्हणजे ती थांबते. मनाई अधिकाऱ्याच्या हुकमातून येते, ठरावीक जागेपुरती, ठरावीक मुदतीपुरती. ‘प्रतिबंध’ मात्र जपून वापरा. हिंदीत तो बंदीला चालतो, मराठीत त्याचा अर्थ आधीच रोखणे: प्रतिबंधक लस, प्रतिबंधात्मक अटक.

प्रतिसाद : आणि जमावबंदी? आमच्याकडे ‘१४४ लागले’ म्हटले की लोक दारे लावून घेतात.

उत्तर : दारे लावून घ्यायची ती संचारबंदीत. जमावबंदीत पाच किंवा अधिक जणांनी एकत्र जमायचे नसते, एकट्याने बाहेर पडायला हरकत नसते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४ कलम जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले आहे. शिवाय आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहे. सणावारांच्या आधी त्याचे पत्रक माझ्या टेबलावर येतेच: शस्त्रे, सोटे, भाले, दंडे, लाठ्या बाळगू नयेत, पाच किंवा अधिक जणांनी जमू नये. कायद्यानुसार जमावावरची अशी मनाई राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही, म्हणून पत्रकातली तारीख मी आधी पाहतो. एकदा माझ्याच नजरेतून मथळ्यात ‘संचारबंदी’ निसटले. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात खेड्यातल्या कितीतरी भाजीवाल्या आल्याच नाहीत. त्या दिवसाची त्यांची कमाई माझ्या एका शब्दाने बुडाली. ते मी विसरलेलो नाही.

घटनेतला हक्क आहे ‘शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा’. ‘विनाशस्त्र’ घाईत ‘विनाशास्त्र’ वाचले जाते, त्यापेक्षा ‘निःशस्त्र’ बरा. ‘जमाव’ म्हटले की मात्र आपल्याला दगडफेकच दिसते. सभा भरते, माणसे जमतात आणि जमाव पांगवला जातो. बातमीत शांत मोर्चाला ‘जमाव’ लिहिले की वाचकाचे मत तिथेच बनते.

प्रतिसाद : धर्मस्वातंत्र्यालाही ‘वाजवी निर्बंध’च लागू ना?

उत्तर : शब्द तेच नाहीत. २५वा अनुच्छेद हक्क देतानाच तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या ‘अधीन’ ठेवतो. ‘वाजवी’ तिथे नाही. १९वा फक्त ‘नागरिकां’चा आहे, २५वा ‘सर्व व्यक्तीं’चा. शिवाय तिथे ‘प्रसार’ आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आपल्या धर्माची शिकवण मांडणे हा प्रसार, दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे हा त्यातला हक्क नव्हे. या अर्थावर आजही वाद घातला जातो.

प्रतिसाद : ‘चिथावणी’ कधी म्हणायचे? हल्ली कुणाला राग आला की चिथावणी.

उत्तर : राग येणे पुरेसे नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरला मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि ते पसंत करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमावर (इंटरनेटवरचा आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणारे ते कलम) खटला उभा राहिला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. निकालात तीन पायऱ्या आहेत: चर्चा, पुरस्कार, चिथावणी. (पुरस्कार म्हणजे इथे एखाद्या मताचा कैवार घेणे.) पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी मोकळ्या. तिसरीत कुणीतरी उठून काहीतरी करावे अशी फूस असते. मराठीतही ‘चिथावले’ म्हटले की पुढचा प्रश्न येतोच: कशाला चिथावले? त्याचे उत्तर देता येत नसेल तर ‘टीका’ लिहा, ‘अपमान’ लिहा, पण ‘चिथावणी’ लिहू नका.