शटरवाला जुना ईसी टीव्ही: पितळी नक्षी कंपनीचीच का?

वाड्यातला_पुणेकर:
मंडळी, वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय म्हणून माळा रिकामा करतोय, तिथे आजोबांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही सापडला, ईसी कंपनीचा. चार निमुळते पाय, लाकडी कॅबिनेट, पुढे दोन्ही बाजूंनी सरकणारं पट्ट्यापट्ट्यांचं शटर आणि त्याला कुलूपसुद्धा. शटरच्या कडेने पितळी वेलबुट्टी आणि वर मधोमध मोर आहे. भंगारवाला म्हणतो पितळेचे देतो, बाकी सरपण. आत्या म्हणते मोर पहिल्यापासून होता. तर ही नक्षी कंपनीची असेल का, आणि ही कंपनी नेमकी कुणाची, बुडाली का? लावून बघायला हात शिवशिवतायत.

ट्रॉम्बेकर:
लावू नका आधी!! ते सांगायला दुसरं कुणीतरी येईलच, मी कंपनीचं सांगतो. ईसी म्हणजे ईसीआयएल, इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, हैदराबाद. १९६७ ची, अणुऊर्जा खात्याची कंपनी, म्हणजे सरकारी. पण मूळ आपल्या मुंबईतलं, ट्रॉम्बेला अणुभट्टीसाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं इथेच बनवायची म्हणून जो विभाग उभा राहिला त्यातूनच ही निघाली, आणि तो विभाग सांभाळणारे ए. एस. राव हेच कंपनीचेही संस्थापक. हैदराबादेत त्यांच्या नावाचं अख्खं नगर आहे. टीडीसी-१२ नावाचा देशी कॉम्प्युटरही यांचाच, १९६९ चा. टीव्ही हा त्यांचा खरं तर जोडधंदा म्हणा, पण सत्तरच्या दशकात ईसी म्हटलं की लोक डोळे मिटून घ्यायचे. १९७५-७६ ला साइट नावाचा उपग्रहाचा प्रयोग झाला, सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत जाळीची मोठी छत्री लावून टीव्ही दाखवला, त्यातले सेटही ईसीआयएलनेच बनवलेले. (महाराष्ट्र नव्हता त्या सहा राज्यांत, आपल्याकडे टीव्हीचं मुंबई केंद्र १९७२ ला आणि सिंहगडावरून पुण्याला १९७३ ला.)

बुडाली वगैरे काही नाही. १९८२ ला एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, बाहेरून किट आणून जोडणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं, त्या बाजारात सरकारी कंपनी कुठवर टिकणार. मतदान करता ना? त्या ईव्हीएम देशात दोनच सरकारी कंपन्या बनवतात, त्यातली एक हीच.

सोल्डरगन:
आलो सांगायला. प्लग लावू नका. इतकी वर्षं बंद सेटमधले कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकलेले असतात, डायरेक्ट २३० व्होल्ट दिलात तर धूर किंवा फटाका. जुन्या बऱ्याच सेटचं चॅसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) थेट घरच्या विजेला जोडलेलं असतं त्यामुळे आतल्या पत्र्याला हात लागला तरी झटका, आणि पिक्चर ट्यूबला पंधरा हजार व्होल्टच्या आसपास जातं, ते बंद केल्यावरही ट्यूबमध्ये धरून राहतं. ट्यूबची मागची निमुळती मान सांभाळा, तिथे धक्का लागला की हवा शिरून ट्यूब गेली. जुना कारागीर गाठा, तो आधी कंडेन्सर बदलेल मग सिरीज बल्ब लावून (वायरीत मध्ये बल्ब जोडून, म्हणजे एकदम जास्त करंट जात नाही) चालू करेल.

नक्षीचं म्हणाल तर मला कंपनीची वाटत नाही. तेव्हा टीव्ही म्हणजे हॉलमधलं मुख्य फर्निचर, लोक सुताराकडून वरून सजावट करून घ्यायचे. मोराचे स्क्रू बघा, बाकी कॅबिनेटला आहेत तसेच आहेत की साध्या चुका (बारीक खिळे) ठोकल्यात? आणि एखादी पट्टी हळूच उचलून बघा, खालचं लाकूड बाजूच्याइतकंच उडालेलं असेल तर मागाहून लावलीय.

ईएमआय_ग्रस्त:
एवढं कशाला, आतलं सगळं काढून ३२ इंची एलईडी बसवा, शटर ठेवा. मस्त दिसेल.

सोल्डरगन:
भाऊ २० इंची ट्यूबच्या खोक्यात ३२ कुठून बसवणार? आणि पोट रिकामं केलं की उरतं काय, कपाट.

वाड्यातला_पुणेकर:
धन्यवाद सगळ्यांना. बघितलं, मोराला चुका आहेत, त्याही दोन वेगवेगळ्या मापाच्या, आणि पट्टीखाली पॉलिश नुकतं केल्यासारखं गडद आहे, बाजूला पार फिकट. म्हणजे कंपनीची नाही, पण टीव्ही नवा असतानाच लावलेली दिसते. आत्याला सांगितलं तर म्हणे मग बाबांनी लग्नाच्या वेळी करून घेतलं असेल, कुणाच्या ते विचारू नको. भंगारवाल्याला नाही सांगितलंय. पण दुरुस्त करून दाखवणार काय त्यावर? अँटेनावर काही येत नाही ना आता?

ट्रॉम्बेकर:
अँटेनाला काही येणार नाही, जुनं अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालंय. सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या पिना आरएफ मॉड्युलेटरला (चित्र-आवाज अँटेनाच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी) जोडा आणि त्याची वायर टीव्हीच्या अँटेना सॉकेटला. फक्त मॉड्युलेटर व्हीएचएफवाला (खालच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलचा) घ्या, तुमच्या सेटला बहुतेक यूएचएफ (वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनेल) नसणार. जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम घरात पडला असेल तर त्यानेही चित्र येतं का ते तपासता येईल.