थंडपणा नव्हे, उत्साह

फळाची आशा न धरता काम करा, असं गीता सांगते. पण फळाची आशाच सोडली तर कामात जीव ओतणार कसा, माणूस थंड पडेल, असं काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. गीतेच्या १८व्या अध्यायातला २६वा श्लोक बघा. सात्त्विक कर्ता, म्हणजे उत्तम रीतीने काम करणारा माणूस, 'मुक्तसंग' (आसक्ती सोडलेला) हवाच, पण 'धृत्युत्साहसमन्वित' (धीर आणि उत्साह असलेला) ही हवा. यश-अपयशात निर्विकार, तरी उत्साही. दोन्ही एकाच श्लोकात!

माझी आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती आता उठणार नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं. तरी आई रात्रीसुद्धा दर दोन तासांनी उठून तिची कूस बदलायची, चादरीची एकेक सुरकुती हाताने सारखी करायची, आणि हे सगळं आजीशी गप्पा मारत. आजीने तर तोवर तिला ओळखणंही सोडलं होतं.