चोपण जमिनीत ०:०:५० (पोटॅशचं खत) सोडूनही द्राक्षाच्या पानदेठात पोटॅश का दिसत नाही?

बाग_तासगाव
नमस्कार मंडळी. थॉमसन द्राक्ष, डॉगरिज खुंटावर (खालच्या मुळाच्या जातीवर) कलम केलेलं, बाग जुनी. खरड छाटणी एप्रिलच्या सुरुवातीला झाली. खालच्या पानांच्या कडा काळ्या पडून करपतायत, शेंडा पिवळा, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीचा सामू (पीएच) ८.८, ईएसपी, म्हणजे मातीच्या कणांवरच्या सोडियमचा टक्का, १९. देठात पोटॅश कमी, सोडियम ०.७ टक्के. दुकानदार म्हणतो ०:०:५० वाढवा. वाढवलं, फरक नाही. पाणी दिलं की बोधावर (वेलीच्या ओळीच्या वरंब्यावर) डबकं, वाळलं की फरशी. काय करू?

पलूसचा_बागायतदार
दादा, पोटॅश थांबवा आधी. ईएसपी १५ च्या वर म्हणजे जमीन चोपण. सोडियमनं मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, मुळीला हवा मिळत नाही. पांढरी मुळीच चालली नाही तर पोटॅश उचलणार कोण? त्यात सोडियम आणि पोटॅशची मुळीपाशी चढाओढ. शेंडा पिवळा आहे तो लोहाअभावी. एवढ्या सामूला जमिनीतलं लोह वेलीला मिळत नाही, तेवढं फवारून द्या.
आणि डॉगरिज! जोम देतो आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून सगळ्यांनी लावला, पण पोटॅश कमी उचलतो आणि बाग जुनी होत जाईल तसा पानांत सोडियम साठत जातो. ११० आर हा खुंट यात उजवा. उभ्या बागेत खुंट बदलत नाही, पण नव्या लागणीला विसरू नका.

मातीवाले_काका
आधी ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, मग गंधक चालेल. ओलाव्यात जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्लानं चुन्यातला कॅल्शियम मोकळा होतो. नाही फसफसलं तर जिप्सम. दोन्हींत काम एकच, कॅल्शियमनं सोडियमला कणावरून हुसकायचं. पण हुसकलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर बाहेर गेला पाहिजे. निचऱ्याचा चर नसेल तर जिप्समचे पैसे पाण्यात. बोअरचं पाणीही तपासा. बायकार्बोनेट जास्त असेल तर घातलेला कॅल्शियम पुन्हा चुना होऊन बसतो.

बाग_तासगाव
फसफसलं काका, भरपूर. गंधक आणि शेणखत मृगाआधी बोधात घालतो, ०:०:५० बंद. चराचं अवघड आहे. उतार शेजाऱ्याच्या उसाकडे आहे, आणि तो आधीच बांधावरून बोलत नाही.