‘कार्ड झालं ना, मग पगार सुरू झाला असेल!’

तापीकाठ (धागाकर्ता)

धाकट्या भावाच्या डाव्या पायात लहानपणापासून पोलिओ. प्रमाणपत्र 55 टक्क्यांचं. गेल्या वर्षी त्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पोस्टाने आलं, पिवळ्या पट्टीचं. तेव्हापासून पारावर, दुकानात, लग्नात एकच वाक्य ऐकतोय: ‘कार्ड झालं ना, मग पगार सुरू झाला असेल!’ (आमच्याकडे संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या पैशाला पगारच म्हणतात.) ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांचे 1500 चे 2500 झाले, हे गावात सगळ्यांना पाठ आहे.

त्याला छदाम मिळत नाही. कार्ड ही फक्त ओळख. पैशासाठी तहसीलच्या संजय गांधी शाखेत वेगळा अर्ज, आणि दिव्यांग असला तरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत पाहिजे. भाऊ मोबाइल दुरुस्ती करतो, वहिनी ब्लाउज शिवते. बसत नाहीत अटीत. तरी ‘सरकार पोसतंय’ हे ऐकून घ्यायचं.

माझं मत: ही उत्पन्नाची अट काढून टाकावी. 40 टक्क्यांच्या वर ज्याचं प्रमाणपत्र, त्याला पैसे. पाय अधू असण्याचा खर्च गरिबाला होतो आणि दुकानदाराला होत नाही, असं थोडंच आहे?

रोखठोक

सरसकट कशासाठी? आमच्या कचेरीत एक साहेब आहेत, 42 टक्केवाले. पगार लाखाच्या घरात, आयकरात सूट, बदलीत सवलत. त्यांनाही महिना 2500 द्यायचे? 40 टक्के अपंग म्हणजे 60 टक्के धडधाकटच ना.

आणि खोट्या प्रमाणपत्रांचं काय? 2024 मध्ये पुण्यातल्या त्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं तेव्हा अख्ख्या राज्यात फेरतपासणीची चर्चा सुरू झाली. अट काढलीत तर प्रमाणपत्राची टपरी प्रत्येक गल्लीत उघडेल.

दोन वेण्या

रोखठोक, ते ‘60 टक्के धडधाकट’ मनातून काढून टाका. तो आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही आणि दुसरा चांगला आहे, अशा माणसाला 30 टक्के मिळतात. म्हणजे तो कायद्याच्या 40 च्या रेषेखालीच राहतो. रस्ता ओलांडताना त्या 30 चा अर्थ काय होतो, ते त्यालाच विचारा.

माझी मुलगी 16 वर्षांची, स्वमग्न. पळते, उड्या मारते, म्हणून नातेवाईक म्हणतात, ‘हिला कसलं अपंगत्व?’ 1995 च्या कायद्यात 7 प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हतीच. 2016 च्या कायद्याने ते 21 केले. थॅलेसेमिया, सिकलसेलसुद्धा आत आले. पण लोकांच्या डोक्यात अजून कुबडी आणि काळा चष्मा एवढंच.

कर सवलतीचं म्हणाल तर ती 75 हजारांची, 80 टक्क्यांच्या वर सव्वा लाखाची वजावट आहे. हातात कुणी नोटा देत नाही. तीही जुन्या करप्रणालीतच. आमच्या ह्यांनी नवीन निवडली, तेव्हा तीही गेली.

खरं सांगू? मला 2500 पेक्षा दुसरी काळजी आहे. ती 18 ची झाली की आम्ही आईबाप म्हणून आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. हे मला शाळेतल्या दुसऱ्या एका आईने सांगितलं. ती भेटली नसती तर बँकेच्या खिडकीवरच कळलं असतं.

माजी अव्वल कारकून

तहसीलमध्ये हे टेबल मी काही वर्षं सांभाळलं, म्हणून बोलतो. रोखठोक, खोटं प्रमाणपत्र मी पाहिलंय, नाही म्हणत नाही. पण त्याहून किती तरी जास्त पाहिला तो खोटा उत्पन्नाचा दाखला. आणि तो खोटा का, तर अटच तशी आहे.

हिशोब करा. 50 हजार भागिले 12, म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काहीतरी. अख्ख्या घराचे! रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी 312 रुपये. नवरा-बायकोने वर्षात 81-81 दिवस काम केलं की घर अटीबाहेर. मग दाखल्यावर 48 हजार ‘बसवून’ घ्यावे लागतात. ज्याची ओळख आहे त्याचे बसतात. जो खरं सांगतो त्याचा अर्ज त्रुटीत.

तापीकाठ दादा, तरी मी अट पूर्ण काढा म्हणणार नाही. वाढवा. लाडकी बहीणला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली ना? मग अंध माणसाला 50 हजार कुठल्या न्यायाने?

आणखी एक गैरसमज टेबलावर रोज यायचा: ‘केंद्राची पेन्शन वेगळी, राज्याची वेगळी, दोन्ही द्या.’ केंद्राची इंदिरा गांधी योजना 80 टक्क्यांच्या वर आणि दारिद्र्यरेषेखालच्यांनाच. त्यात केंद्राचे 300 रुपये, तेही 2012 पासून तेवढेच. उरलेले राज्य घालतं. बेरीज एकच होते.

रोखठोक

उत्पन्नाचा मुद्दा मान्य. चार हजारांचा हिशोब मी कधी केलाच नव्हता. पण ‘सरसकट’ला माझा विरोध कायम. तिजोरी एकच आहे. साहेबाला दिलेले 2500 कुणाच्या तरी व्हीलचेअरमधून जातात. आणि यूडीआयडी आहे तर रेल्वे, एसटी, सगळं फुकट मिळतंच की.

दोन वेण्या

कुठे फुकट? एसटीत तिकिटाला सवलत असते, पण तिकीट काढावंच लागतं. रेल्वेची सवलत ठरावीक चार गटांना, आणि त्यासाठी रेल्वेचं स्वतःचं वेगळं कार्ड. ‘एक कार्ड, सगळं काम’ हे फक्त पोस्टरवर.

तापीकाठ

रोखठोक दादा, तुमचा साहेब हा एक. माझ्या तालुक्यात असे किती असतील? त्या एकाला गाळायचं म्हणून बाकीच्यांना दरवर्षी तलाठ्याच्या दारात उभं करायचं का? काकांनी सांगितलं तेच माझं कारण आहे. मर्यादा अडीच लाख केली तरी दाखला लागणारच, आणि दाखला आला की ‘बसवणं’ आलं. आमदारांच्या पेन्शनला कुणी उत्पन्नाचा दाखला मागतं?

शिवाय भावाला पैसे नकोच आहेत, असं तो म्हणतो. (खोटं म्हणतो. गेल्या महिन्यात दुकानाचं भाडं मीच भरलं.) ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, म्हणून त्याने ग्रामसभेत विचारलं. उत्तर आलं: ‘तुझं तर कार्ड झालंय, पगार चालू असेल.’ सगळी ग्रामसभा हसली.

माजी अव्वल कारकून

हसू देत. लेखी अर्ज करायचा, पोच घ्यायची. तोंडी विचारलेलं इतिवृत्तात येत नाही.

चष्मेवाला

मूळ वादात पडत नाही, पण वर ते 30 टक्के वाचून थबकलो. माझा उजवा डोळा गेलेला, प्रमाणपत्रावर बरोबर 30. डावा कानही मंद आहे, त्याची तपासणी कधी केली नाही. कानाचे 10 भरले तर 40 होतील का?

माजी अव्वल कारकून

नाही. दोन अपंगत्वांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात धाकटा मिळवताना तो 90 वजा मोठा आकडा याने गुणून 90 ने भागतात. 30 आणि 10 चे 36.67 होतात. तुमच्या 30 ला कानाचे किमान 15 लागतील, मग बरोबर 40.

चष्मेवाला

म्हणजे कान अजून थोडा बिघडायला हवा. बघतो, सोमवारी जिल्हा रुग्णालयात जातो.